नव्या संसारासाठी तळमजल्याचे जुने घर कमी खर्चात कसे सुधारावे

नवी मुंबईत लग्नानंतर स्वतःचे घर घ्यायचे ठरले की अनेक जोडप्यांचा हिशेब वाशी, नेरूळ, कोपरखैरणे किंवा ऐरोली इथल्या जुन्या इमारतीतल्या तळमजल्याच्या घरापाशी येऊन थांबतो, कारण वरच्या मजल्यांच्या मानाने ते बरेचदा कमी किमतीत मिळते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० सालची, त्यामुळे तिने सुरुवातीच्या दशकांत उभ्या केलेल्या वसाहतींना आता तीस-चाळीस वर्षे होऊन गेली आहेत. खाडीजवळची दमट हवा, भराव घातलेली जमीन आणि दर वर्षीचे चार महिन्यांचे पाऊसपाणी या इमारतींनी सोसले आहे, आणि या सगळ्याचा सर्वाधिक भार तळमजल्यावर पडतो. अशा घराची दुरुस्ती थोड्या पैशांत चांगली होऊ शकते, मात्र खर्चाचा क्रम चुकता कामा नये. आधी पाण्याचा बंदोबस्त, मग वीज, मग जमीन आणि ओटा, आणि सर्वांत शेवटी रंग व सामान, असा तो क्रम आहे. नव्या संसाराच्या उत्साहात नेमके उलट घडते. आधी रंगाची छटा आणि पलंग ठरतो, आणि पहिल्या श्रावणात त्याच पलंगामागची भिंत पापुद्रे टाकू लागते.

पहिली पायरी: इमारतीचे आयुष्य विचारून घ्या

एक पैसाही खर्च करण्याआधी सोसायटीच्या सचिवांना भेटून दोन गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. पहिली म्हणजे पुनर्विकासाचा प्रस्ताव कुठवर आला आहे, आणि दुसरी म्हणजे शेवटचे संरचनात्मक परीक्षण कधी झाले व त्याच्या अहवालात काय लिहिले आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे परीक्षण दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. सभासद म्हणून तो अहवाल पाहायला मागण्यात संकोच बाळगू नये.

या उत्तरांवर तुमचे संपूर्ण अंदाजपत्रक अवलंबून आहे. विकासकाची निवड झाली असेल आणि तीन-चार वर्षांत घर रिकामे करावे लागण्याची शक्यता असेल, तर लादी उखडणे, नवा ओटा बांधणे, भिंतीत नवी पाइपलाइन टाकणे यांपैकी काहीही करू नये. सुरक्षित वीज, गळती थांबवण्यापुरती दुरुस्ती आणि चुन्याचा हात एवढ्यावर भागवावे आणि उरलेली रक्कम पुढच्या भाड्यासाठी किंवा हप्त्यांसाठी ठेवावी. पुनर्विकासाची चर्चाच नसेल किंवा ती नुसतीच चर्चा असेल, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

घर बघतानाच छताकडे नीट पाहावे. स्लॅबचे पोपडे सुटून गंजलेली सळई दिसत असेल, तर ती दुरुस्ती अभियंत्याच्या सल्ल्याने आणि सोसायटीला सोबत घेऊनच व्हायला हवी. फॉल्स सीलिंग लावून ते झाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच मानू नये.

दुसरी पायरी: परवानगी आणि खर्चाची वही

काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीला लेखी अर्ज द्यावा आणि त्यात कोणत्या खोलीत काय बदलणार आहोत हे सविस्तर लिहावे. बहुतेक सोसायट्या अनामत रक्कम घेतात, कामगारांची नावे मागतात आणि ठोकाठोकीच्या वेळा ठरवून देतात. दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत यंत्रे बंद ठेवावी लागतात, हे मिस्त्रीला आधीच सांगितले नाही तर त्याचा रोज वाया जातो आणि तो भुर्दंड अखेरीस तुमच्यावरच येतो. तळमजल्याच्या कॉलम आणि बीमवर सगळ्या इमारतीचा भार असतो, म्हणून खोली मोठी दिसावी यासाठी त्यांना छिन्नीसुद्धा लावू द्यायची नाही. विटांची आडभिंत काढायची असली तरी अभियंत्याला विचारून आणि आवश्यक ती परवानगी घेऊनच काढावी.

खर्चासाठी दोघांनी मिळून एकच वही ठेवावी. हाताशी असलेल्या रकमेतून आधी पंधरा ते वीस टक्के बाजूला काढावेत आणि ते नाहीतच असे समजून उरलेल्या रकमेत काम बसवावे, कारण जुन्या भिंतीचे प्लास्टर काढल्यावर आत काय निघेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. लग्नात आहेर म्हणून आलेली रोख रक्कम याच राखीव खात्यात टाकणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. काका, मामा, आत्या अजून काही द्यायचे राहिले म्हणून विचारत असतील, तर त्यांना शोभेच्या वस्तूंऐवजी गिझर, छताचा पंखा किंवा स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा मोकळेपणाने सुचवावा. आपल्या माणसांना उपयोगाची वस्तू दिल्याचे समाधानच वाटते.

तिसरी पायरी: ओल कुठून येते ते शोधा

तळमजल्याच्या घरातले हे मुख्य काम आहे. ‘वॉटरप्रूफिंग करून घ्या’ हा सल्ला सगळेच देतात, पण ओल नेमकी कुठून येते हे ठरवल्याशिवाय कोणतेही रसायन विकत घेऊ नये.

जमिनीतून वर चढणारी ओल भिंतीच्या तळापासून सुरू होते आणि साधारण दोन-तीन फुटांवर एक वाकडीतिकडी आडवी रेषा सोडते. त्या रेषेजवळ पांढरा खार फुलतो, आणि उन्हाळ्यातही तो भाग हाताला गार लागतो. पावसाची ओल बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या कडांना आणि छज्जाच्या खाली दिसते व दिवाळीपर्यंत सुकून जाते. वरच्या घराच्या न्हाणीघरातून येणारी ओल मात्र ऋतू पाहत नाही. एप्रिलमध्येही छताच्या कोपऱ्यात पिवळसर डाग ओला राहिला, तर कारण बहुधा तेच असते. चौथा प्रकार म्हणजे तुमच्याच भिंतीतला जुना गंजलेला लोखंडी पाइप. स्वतंत्र पाणीमीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवावा. कोणी पाणी न वापरता सकाळी तो पुढे सरकला असेल तर आत गळती आहे. मीटर सामाईक असेल तर न्हाणीघराचा कॉक दोन-तीन दिवस बंद ठेवून डाग उतरतो का ते पाहावे.

संशय राहिल्यास भिंतीवर फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. भिंतीच्या बाजूला थेंब जमले तर ओल आतून येत आहे, आणि खोलीच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे. दुसऱ्या बाबतीत भिंत फोडण्याची गरज नसून खिडकी उघडी ठेवण्याची आणि पंख्याची गरज आहे.

कारण कळले की खर्च कोणाचा हेही कळते, आणि इथे मोठी बचत होते. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतींतून येणारी पावसाची गळती आणि सामाईक पाइपांची गळती ही सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते, तर घरातल्या शौचालयाची किंवा सिंकची गळती त्या त्या सभासदाने. म्हणून बाहेरच्या भिंतीची चीर आतून रसायने मारून झाकण्यात स्वतःचे पैसे घालवण्यापेक्षा छायाचित्रांसह सोसायटीला पत्र द्यावे. वरच्या घरच्यांशी बोलताना दोघांनी जोडीने जावे आणि आपण नवे शेजारी आहोत हे लक्षात ठेवून शांतपणे विषय काढावा. त्यांच्या संमतीने न्हाणीच्या जाळीत रंगीत पाणी ओतून पाहिले, तर गळती कुठली यावर वाद राहत नाही.

चौथी पायरी: आधी बाहेरची बाजू, मग भिंत

जमिनीतून चढणाऱ्या ओलीचे एक कारण घराबाहेर असते आणि ते दूर करायला फारसा पैसा लागत नाही. सोसायटीच्या आवारात वेळोवेळी नवा कोबा किंवा पेव्हर ब्लॉक टाकत गेल्याने बाहेरची जमीन उंच होते आणि घराचे जोते तिच्या खाली जाते. कुठे भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा केलेला असतो आणि त्याची ओली माती थेट विटांना भिडलेली असते. हा वाफा सरकवणे, भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली उतरवणे, पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार देणे आणि छताच्या पाण्याचा तुटलेला पाइप जोडून घेणे एवढे केल्यावरही पुष्कळ फरक पडतो. ही सामाईक जागा असल्याने सोसायटीला विचारूनच हे काम करावे.

त्यानंतर आत यावे. खार दिसतो त्या रेषेच्या एक फूट वरपर्यंतचे प्लास्टर विटेपर्यंत काढून टाकावे. उघड्या विटांवरचा खार कोरड्या ताठ ब्रशने झाडून गोळा करावा आणि बाहेर टाकावा. पाण्याने धुतल्यास तो विरघळून पुन्हा विटेत शिरतो. मग भिंत काही आठवडे उघडी ठेवून पंख्याखाली सुकू द्यावी. हे थांबणेच लोकांना जमत नाही, कारण वास्तुशांतीचा मुहूर्त आधीच काढलेला असतो आणि पाहुण्यांना निमंत्रणे गेलेली असतात. म्हणून मिस्त्रीने सांगितलेल्या तारखेवर विसंबून मुहूर्त काढू नये. भिंत सुकल्यावर गुरुजींना विचारावे. फारच निकड असेल तर उघड्या विटांच्या घरातही पूजा सांग होते.

नवे प्लास्टर करताना एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग रेती असे मिश्रण ओल्या भिंतीला जास्त मानवते, कारण त्यातून भिंतीतली वाफ बाहेर पडू शकते. मिस्त्री नुसत्या सिमेंटचा आग्रह धरतील, तेव्हा हे आधी ठरवून घ्यावे. रेती खाडीची नसावी. तिच्यातल्या मिठामुळे नव्या प्लास्टरवर पुन्हा खार फुटतो. प्लास्टरवर निदान सात दिवस पाणी मारावे. त्यावर पीओपी किंवा जिप्सम लावू नये, कारण दोन्ही ओल शोषून फुगतात. पीव्हीसीचे पॅनेल, वॉलपेपर आणि लाकडी आच्छादन यांनी ओल नाहीशी होत नाही, ती झाकली जाऊन आणखी वर चढते. वर्षभर चुन्याचा हात देऊन राहावे आणि एक पावसाळा पार पडल्यावर रंग लावावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच खोलीच्या भिंती दारे-खिडक्यांसह ३६० चौरस फूट भरतात. फक्त खालचे ३ फूट सुधारायचे असतील तर काम १२० चौरस फुटांचे, म्हणजे एकतृतीयांश होते, आणि नुसत्या सिमेंटचे नेहमीचे प्लास्टर असले तरी त्याला ५० किलोची दीड ते दोन पोती पुरतात. ‘सगळ्याच भिंती सोलून काढू’ असे कोणी म्हटल्यास हा आकडा त्याच्यासमोर ठेवावा. एवढे करूनही दोन वर्षांत ओल परतली, तर विटांच्या खालच्या थरात छिद्रे पाडून रसायन भरण्याचा उपाय आहे, पण तो महाग आहे आणि पहिल्याच वर्षी करण्याची गरज नसते.

न्हाणीघर फोडावे लागले तर तळाचा वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर निदान एक फूट आणि अंगावर पाणी घेण्याच्या जागी सहा फूट चढवून घ्यावा. लादी बसवण्यापूर्वी जाळी बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवावे आणि शेजारच्या खोलीची भिंत तपासावी. ही चाचणी टाळणाऱ्या कंत्राटदाराला पुढचा हप्ता देऊ नये.

नवी मुंबईच्या सखल भागांसाठी आणखी एक काळजी आहे. इथले पावसाचे पाणी खाडीत जाते, आणि मोठा पाऊस व भरती एकाच वेळी आली की पाण्याचा निचरा मंदावतो. यासाठीच सिडकोने धारण तलाव, म्हणजे भरती असताना पावसाचे पाणी साठवून धरणारे तलाव, बांधले आहेत. तुमच्या इमारतीत अशा वेळी न्हाणीच्या जाळीतून पाणी उलटे वर येते का, हे तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशांना विचारावे. येत असेल तर प्लंबरकडून सांडपाण्याच्या पाइपवर उलट्या प्रवाहाला अडवणारा वॉल्व्ह बसवून घ्यावा आणि वीजेचे सॉकेट जमिनीपासून तीन फुटांच्या वर घ्यावेत.

पाचवी पायरी: वीज

वायरिंग प्लास्टर आणि लादीच्या आधी करायचे असते. इथे काटकसर करू नये. दिव्या-पंख्यांसाठी १.५, साध्या सॉकेटसाठी २.५ आणि गिझर किंवा एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालावी, ती आयएसआय चिन्हाची असावी आणि परवानाधारक वीजतंत्रीकडूनच काम करून घ्यावे. ओल असलेल्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चालू स्थितीतले अर्थिंग जिवाशी निगडित आहे. वायर, स्विच आणि पंखे एकदम घ्यायचे असल्यास मुंबईच्या लोहार चाळीतला घाऊक बाजार एक फेरी मारण्याजोगा आहे. गॅसची पाइपलाइन असेल तर तिला प्लंबरने हात लावू नये; ती सरकवायची असल्यास गॅस कंपनीला कळवावे.

सहावी पायरी: जमीन आणि ओटा

जुन्या घरांत बहुधा मोझॅक लादी असते आणि ती पाहून नव्या जोडप्याचे मन खट्टू होते. तरी ती काढण्यापूर्वी खोलीभर काठीने ठोकून आवाज ऐकावा. लादी भरीव वाजत असेल आणि जमीन खचलेली नसेल, तर यंत्राने घासून पॉलिश केल्यावर ती इतकी सुंदर निघते की नवी घालण्याचा विचार मागे पडतो, आणि लादी, रेती, सिमेंट, मजुरी व डेब्रिजची वाहतूक असा सगळा खर्च वाचतो. पोकळ वाजत असेल तर खालचा भराव बसला आहे. तो पुन्हा ठोकून त्यावर कोबा घालून मगच नवी लादी बसवावी. त्या वेळी १०० चौरस फुटांच्या खोलीला २ बाय २ फुटांच्या २५ लाद्या लागतात, आणि तूटफूट व काटछाट धरून २८ घ्याव्यात. जुन्या लादीवरच नवी चिकटवता येते, पण जमीन उंच झाल्याने दारांचे तळ कापावे लागतात हे ध्यानात ठेवावे.

निघालेले डेब्रिज पोत्यांत भरून महानगरपालिकेच्या व्यवस्थेतूनच न्यावे. रात्री कुठेतरी टाकून येतो म्हणणाऱ्या टेम्पोवाल्याला काम देऊ नये, कारण ते बहुधा खाडीकाठच्या खारफुटीत जाते, आणि खारफुटीत भराव टाकणे हा गुन्हा आहे.

स्वयंपाकघरात ओटा, सिंक आणि नळ यांवर खर्च करावा, कपाटांवर नव्हे. तळमजल्यावर वाळवीचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून जमिनीला टेकलेली प्लायवुडची मॉड्युलर कपाटे इथे घाईने करू नयेत. ओट्याखाली कडाप्प्याचे कप्पे घालून घ्यावेत आणि सवडीने त्यांना ॲल्युमिनियमचे दरवाजे लावावेत. ओट्याची उंची ठरवताना दोघांनीही उभे राहून पाहावे, कारण स्वयंपाक दोघांनी करायचा आहे. ३२ ते ३४ इंचांत बहुतेकांचे जमते. लादीचे काम चालू असतानाच भिंत आणि जमिनीच्या सांध्यात वाळवीप्रतिबंधक औषध भरून घेतल्यास पुन्हा छिद्रे पाडावी लागत नाहीत.

सातवी पायरी: कामगारांशी व्यवहार

फोडाफोडीचे काम रोजंदारीवर आणि लादी, प्लास्टर, रंग यांचे काम उक्ते द्यावे. दर चौरस फुटाचा, रनिंग फुटाचा की पॉइंटचा हे कागदावर लिहावे आणि माप दोघांसमोर घ्यावे. सामान स्वतः आणून फक्त मजुरी द्यावी हे स्वस्त पडते, परंतु दोघेही नोकरीला जात असाल तर अर्धे पोते सिमेंट कमी पडल्याने दिवसभर काम अडते. तेव्हा सिमेंट-रेतीसकट काम मिस्त्रीकडे आणि लादी, नळ, वायर यांची खरेदी स्वतःकडे अशी विभागणी बरी. आगाऊ रक्कम थोडी द्यावी, पुढचे पैसे पूर्ण झालेल्या कामाप्रमाणे द्यावेत आणि दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसापर्यंत हातचे राखावेत, अशी अट सुरुवातीलाच कबूल करून घ्यावी. मात्र बिगाऱ्यांची मजुरी त्यांच्या हातात त्याच आठवड्यात पडते आहे ना, याकडे लक्ष ठेवावे. मिस्त्रीशी असलेल्या तुमच्या हिशेबात त्यांचे पोट अडकू नये. सामान वर चढवण्याची मजुरी तळमजल्याला लागत नाही, तेव्हा दरात ती धरलेली नाही हे तपासावे.

जुना रंग खरवडणे, प्राइमर आणि रंग लावणे ही कामे तुम्ही दोघे सुट्टीच्या दिवशी करू शकता. नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पुट्टी सिमेंटच्या जातीची घ्यावी आणि घरात उजेड कमी असल्याने छत पांढरेशुभ्र ठेवावे.

आठवी पायरी: सामान आणि पहिला पावसाळा

फोडाफोडी दिवाळीनंतर सुरू करावी आणि प्लास्टर फेब्रुवारीपर्यंत संपवावे, म्हणजे ते सुकायला उन्हाळा मिळतो. आपल्याकडे मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास पोहोचतो. पहिल्या वर्षी पायांचा पलंग, लोखंडी कपाट आणि घडीचे टेबल एवढ्यावर राहावे आणि प्रत्येक वस्तू भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी. लाकडी सामान हवेच असेल तर उल्हासनगरचा फर्निचर बाजार ठाण्या-नवी मुंबईच्या लोकांना सोयीचा आहे, पण तिथे ऑक्टोबरनंतर जावे.

जून ते सप्टेंबर या काळात दर पंधरवड्याला प्रत्येक भिंतीचे एकाच जागेवरून छायाचित्र काढावे आणि डागाच्या कडेला पेन्सिलने तारखेसह रेघ मारावी. रेघ ओलांडून डाग वाढला तर हातचे राखलेले दहा टक्के देण्यापूर्वी मिस्त्रीला बोलावून तो भाग दुरुस्त करून घ्यावा. डाग रेघेच्या आतच राहिला तर दिवाळीच्या आधी, भिंत हाताला कोरडी लागल्यावर, पक्का रंग लावायला हरकत नाही.